गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव आणि बिडाचा नांगर

दरवर्षी २० जून जवळ आला की आम्हा बेळगावकरांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. तसबिरीला हार घालतो, दोन शब्द बोलतो, बेळगावने हा माणूस कसा गमावला याची हळहळ करतो आणि चहा घेऊन घरी जातो. यंदा मात्र त्यांचे चरित्र जरा वेगळ्या दाराने आत जाऊन सांगावे असे आम्हाला वाटले. ते दार ओतशाळेचे, म्हणजे आपल्या रोजच्या बोलीत फौंड्रीचे. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल आज उद्यमबागेतल्या आणि मच्छे भागातल्या लहान फौंड्र्यांवर पेटते. त्या फौंड्र्यांबद्दलच्या तक्रारीही आपणच करतो. धूर, काळ्या वाळूचे ढीग, कामगारांचा खोकला. लहान फौंड्री नीट, सचोटीने आणि आसपासच्या माणसांना जाच न होता चालवता येते का, हा प्रश्न आपल्या गावात नवा नाही. लक्ष्मणरावांच्या आयुष्यात तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या खेड्यात झाला. मराठी रंगभूमीवर प्रेम करणाऱ्यांना हे गाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, यांचा जन्मही इथलाच, १८४३ सालचा. त्यांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणले तेव्हा लक्ष्मण अकरा वर्षांचा होता. कानडी मुलखातल्या एका लहानशा गावाने मराठीला नाटक मंडळी दिली आणि नांगरही दिला, याचा आम्हाला अभिमान वाटतो आणि तो आम्ही लपवत नाही. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ती वृत्तीचे होते. घरात अध्यात्म होते, यंत्र कुठेच नव्हते.

शाळेतल्या पुस्तकांत या मुलाचे मन रमले नाही. हात मात्र सतत काहीतरी काढत, जोडत असत. चित्रकलेची ओढ त्याला मुंबईला जे. जे. कलाशाळेत घेऊन गेली. तिथे एक विचित्र अडचण निघाली. त्याच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता असणार? पण रेषा त्याला अचूक दिसत होती, म्हणून त्याने यंत्रांच्या रेखांकनाकडे मोर्चा वळवला आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय तो शिकवू लागला. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. रिकामा वेळ ते संस्थेच्या कर्मशाळेत घालवत, परदेशी मासिके वाचत, यंत्रे उघडून पाहत. त्या काळात त्यांनी बटणे करून पाहिली, औषधाच्या गोळ्या ठेवायच्या लहान डब्या करून पाहिल्या. यातून पैसा फारसा मिळाला नाही. वस्तू करणे एक आणि ती विकणे दुसरे, हा धडा तेवढा मिळाला.

याच दिवसांत सायकलीचा व्यापार सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत आणि इथे त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकत, शिवाय घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर बंधू हे नाव इथलेच आणि १८८८ हे साल त्या उद्योगाचा आरंभ म्हणून सांगितले जाते. संस्थेत लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. एकोणिसावे शतक संपत आले होते. आपल्या गावात तेव्हा सायकल ही मिरवायची वस्तू होती. लक्ष्मणरावांना मात्र मिरवायच्या वस्तूत फार दिवस रस राहिला नाही. बेळगावच्या आजूबाजूला शेती होती, शेतकऱ्याच्या हातात होते ते जुने लाकडी अवजार, आणि त्या अवजाराकडे पाहायला कोणालाच सवड नव्हती.

पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. कडबा अख्खा टाकला की जनावर पाने खाते आणि धाटे तुडवते. बारीक कापून दिला तर तेवढ्याच वैरणीत जनावर जास्त दिवस निघते. दुष्काळाचा चटका ज्या मुलखाने वारंवार सोसला त्या मुलखात ही साधी गोष्ट नव्हती. वैरण वाया जाऊ न देणारे यंत्र हे त्यांच्या कारखान्याचे पहिले अपत्य, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या पुढच्या सगळ्या वागणुकीची किल्ली वाटते.

मग आला नांगर. विलायती लोखंडी नांगर पाहून, त्याचा अभ्यास करून त्यांनी आपल्या जमिनीला आणि आपल्या बैलांना पेलेल असा नांगर घडवला. नांगर तयार झाला, पण घेणारा कोणी मिळेना. दोन वर्षे नांगर पडून राहिले. लोखंड जमिनीत फिरले तर जमीन विषारी होईल, पीक येणार नाही, असे शेतकरी म्हणत. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण शेतकऱ्यांच्या अडाणीपणाला हसतात. आम्हाला तसे हसवत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार बलुत्यावर तो दुरुस्त करून देत असे. लोखंडी नांगराचा फाळ ऐन पेरणीच्या तोंडावर तुटला तर शेतकऱ्याने जायचे कुठे? गावच्या लोहाराच्या भात्यावर बीड वितळत नाही. विषाची भीती ही बहुधा त्या दुसऱ्या, खऱ्या भीतीची बोली होती. एक अख्खे अवजार परक्या कारखान्याच्या हवाली करायचे आणि तो कारखाना उद्या असेल की नाही कोणाला माहीत!

लक्ष्मणरावांना हे उमगले असावे, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. नुसता नांगर विकून ते थांबले नाहीत. झिजणारा भाग वेगळा काढता येईल, बदलता येईल आणि तो पुन्हा मिळेल, याकडे त्यांनी लक्ष दिले. इथे फौंड्रीच्या कामाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण नांगराची सगळी अब्रू तिथेच ठरते. साधे बीड ठिसूळ असते. मऊ राहिले तर फाळ दोन-चार शेतांत झिजून बोथट होतो, फार कडक झाले तर दगडावर आपटून तुटतो. यावर ओतकामातली एक जुनी युक्ती आहे. साचा वाळूचाच ठेवायचा, पण फाळाचे जे अंग मातीत घासणार त्या बाजूला वाळूऐवजी लोखंडाचा तुकडा बसवायचा. वितळलेला रस त्या थंड लोखंडाला टेकला की तेवढा थर झटकन गोठतो आणि काचेसारखा कठीण होतो. आतले अंग सावकाश निवते आणि चिवट राहते. आपल्याकडचे मोल्डर याला आजही चिल लावणे म्हणतात. ऐकायला सोपे वाटते. पण रस किती तापला, त्यात कोणते भंगार पडले, तुकडा किती जाड होता, यातले एक जरी चुकले तरी दिवसभराची ओत वाया जाते. पुस्तकातून वाचून, करून, बिघडवून, पुन्हा वितळवून हे ज्ञान मिळवावे लागले. शिकवायला कोणी नव्हते.

बिघडलेली ओत पुन्हा भट्टीत टाकता येते, म्हणून फौंड्रीत काही वाया जात नाही असे लोक समजतात. ते अर्धेच खरे आहे. लोखंड परत मिळते. ते वितळवायला जाळलेला कोळसा परत मिळत नाही, मोल्डरचा दिवस परत मिळत नाही. बिडाचा रस ओतायचा तो साधारण १३५० ते १४०० अंशांवर, आणि तिथपर्यंत नेण्याचा खर्च दर खेपेला नव्याने करावा लागतो. म्हणून लहान फौंड्रीची खरी काटकसर रद्दी कमी निघण्यात असते. धुराचे प्रमाणही शेवटी त्यावरच ठरते. आमच्या ओळखीचे एक जुने मोल्डर हेच दुसऱ्या शब्दांत सांगत असत. कारखान्याच्या मागच्या अंगणात तुटक्या ओतीचा ढीग किती उंच आहे ते पाहिले की मालकाची नियत कळते, असे त्यांचे मत होते.

धंदा जरा रुळावर येत होता आणि तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितले. गाव वाढत होते, कारखान्याने हलावे असा हुकूम निघाला. बेळगावच्या सभांमधून या प्रसंगावर आम्ही नेहमी नगरपालिकेला नावे ठेवतो. ठेवावीत अशीच ती गोष्ट आहे, कारण उठवताना दुसरीकडे सोय करून देण्याचा विचार झाल्याचे दिसत नाही. तरी आज आमच्या खिडकीसमोर कोणी नवी भट्टी उभारू लागले तर आपण सह्यांचा अर्ज घेऊन कुठे जाऊ, तेही मनाशी विचारून पाहावे. वस्तीत भट्टी नको असणे हा काही गुन्हा नाही. पण भट्टीने जायचे कुठे, हे ठरवायची जबाबदारी एकट्या भट्टीवाल्यावर टाकली की मग भट्टी तरी बुडते किंवा गाव तरी तिला मुकते. बेळगाव मुकले.

लक्ष्मणरावांनी त्या सुमारास औंधला एका सभामंडपाचे बांधकाम घेतले होते. औंध हे एक लहानसे संस्थान. तिथले अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उत्तम चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि नव्या कल्पनांना जागा देणारे गृहस्थ. चित्रकला शिकायला निघून कारखानदार झालेला माणूस आणि राजा असून कुंचला न सोडणारा माणूस, यांचे जमले यात नवल नाही. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. औंध संस्थान सलग नव्हते, त्याचे तुकडे इकडेतिकडे विखुरले होते. त्यातल्या एका तुकड्यात, कुंडल गावाजवळ, आगगाडीचे कुंडल रोड नावाचे स्टेशन होते. स्टेशनाला लागून ३२ एकर माळ पडला होता. लक्ष्मणरावांनी तो निवडला. कच्चा माल उतरवायला आणि तयार माल चढवायला स्टेशन हवे, हा हिशोब उघड आहे. बाकी त्या जागेत निवडण्यासारखे काहीच नव्हते. खडक, निवडुंग आणि नागसाप. पुढे त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावातच निवडुंग आणि गुलाब आले, ते या माळाची आठवण म्हणूनच असावे.

१० मार्च १९१० रोजी या माळावर कामाला सुरुवात झाली आणि तिथे जे उभे राहिले त्याला पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. बेळगावहून जी पंचवीसेक माणसे आणि त्यांची कुटुंबे गेली त्यांच्याबद्दल आम्हाला विशेष वाटते. ती आपल्याच गल्ल्यांतून गेलेली माणसे. पाणी, भिंती, छप्पर यांतले काहीही तयार नव्हते. यंत्रे उघड्यावर आणि संसारही उघड्यावर. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी हे सगळे त्या बायकांच्या बरोबरीने सोसले. चरित्रग्रंथांतून त्यांच्या वाट्याला थोड्याच ओळी येतात.

या मंडळीत शिकलेसवरलेले थोडेच होते. शंभूराव जांभेकर इंजिनाचे पाहत, आणि वेळ पडेल तेव्हा वाडीचे वैद्यही होत. मंगेशराव रेगे हिशोबाला बसले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडली होती, पण यंत्राच्या कल्पना त्यांना सुचत. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले, इथे सगळी कामे अंगावर घेणारे व्यवस्थापक झाले. रामुअण्णांनी वसाहत आखली, घरे, रस्ते, पाणी यांची व्यवस्था पाहिली. आणि रात्रीच्या राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग होते. या दोघांवर दरोडेखोरीचा शिक्का बसलेला होता. अशा माणसांच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या देणे म्हणजे त्या काळी वेडेपणाच. लक्ष्मणरावांनी तो केला आणि त्यांचा विश्वास फुकट गेला नाही. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असाही नियम त्यांनी केला. आज हे वाक्य सहज वाचून होते. १९१० नंतरच्या त्या दशकांत, एका पाण्यावरून गावे दुभंगत असताना, एकत्र राहणाऱ्या वसाहतीत हा नियम लावणे आणि टिकवणे म्हणजे रोजचा झगडा होता.

एक गोष्ट इथे मोकळेपणाने सांगितली पाहिजे. वाडीतली शिस्त ही घरातल्या कर्त्या पुरुषाची शिस्त होती. कामगाराने कसे राहावे, कशाचे व्यसन करू नये, फुरसतीत काय करावे, याबद्दल मालकाची मते ठाम होती आणि ती पाळली जावीत अशी अपेक्षा असे. घर, शाळा, पाणी सगळे कारखान्याचे असले की नोकरी सोडणाऱ्याला घरही सोडावे लागते. आजच्या कामगाराला हे रुचणार नाही आणि रुचू नये. पण शेजारच्या गिरणगावांत माणसे दाटीवाटीने चाळींत राहत होती, त्या काळी एका लहान फौंड्रीने यंत्र आणण्याबरोबरच वस्तीचा आराखडा काढला, हेही त्याच तराजूत घालावे लागते.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बाहेरून येणारे सगळे अडले. लोखंड मिळेना, कोळसा मिळेना, रंगसुद्धा मिळेना. नांगरांची मागणी मात्र आता वाढू लागली होती. शेतकऱ्यांची ती पहिली भीती मोडली होती. शेजारच्या शेतात खोल नांगरट झालेली, हरळी मुळासकट निघालेली डोळ्यांनी दिसत होती. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या, निकामी तोफा नांगरांसाठी देऊ केल्या. ही कथा आपण शाळेत ऐकलेली असते आणि ती ऐकताना तोफेचा नांगर झाला या काव्यातच आपण रमतो. फौंड्रीवाला तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. तोफ कुपोलात तशीच जात नाही. आधी ती फोडावी लागते, आणि शत्रूने फुटू नये म्हणून केलेली वस्तू फोडायला किती घाम गेला असेल ते फोडणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय जुन्या तोफेचे लोखंड कसे निघेल, त्यात काय मिसळले म्हणजे फाळाला चालेल, हे ओतून पाहिल्याशिवाय कळत नाही. भंगारातून चांगला माल काढणे हे नव्या पिग आयर्नमधून काढण्यापेक्षा अवघड आहे. अवघड असूनही ते जमले, आणि त्या टंचाईच्या वर्षांत वाडी बंद पडली नाही.

आता भंगारावर चालणारी फौंड्री म्हणजे पर्यावरणाची सेवा, असे आजकाल परिसंवादांतून बोलले जाते. लक्ष्मणरावांच्या डोक्यात तसे काही नव्हते. त्यांच्याकडे लोखंड नव्हते, एवढेच. पण गरजेपोटी लागलेली सवय टिकली. जे आहे त्यातून करायचे, टाकायचे नाही.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली त्यांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. आधी ते कारखान्याच्या मालाची आणि वाडीची बातमी सांगणारे होते. पाहता पाहता त्याचे किर्लोस्कर मासिक झाले, पुढे १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर निघाले. मराठी घराघरांत नवे विचार पोचवणारी ही मासिके एका फौंड्रीच्या आवारातून निघत होती, हे तरुण वाचकांना सांगितले तर त्यांना पटत नाही. त्याच मुलखात, कराडजवळ, ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि ओगलेवाडी वसली. लहान संस्थानाच्या आसऱ्याने दोन-दोन वाड्या उभ्या राहिल्या.

नांगरामागोमाग उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे आली, हातपंप आले. १९२६ च्या सुमारास पाण्याचे यांत्रिक पंप तयार होऊ लागले. त्याच साली शंतनुराव अमेरिकेतून, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेतून, शिकून परतले. पुढचा विस्तार त्यांच्या पिढीचा. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रे बनवणारा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. ही सगळी मोठी कहाणी आहे आणि ती इतरत्र पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे, म्हणून आम्ही ती इथे वाढवत नाही.

त्याऐवजी वाळूबद्दल बोलतो. एक किलो बीड ओतायला साधारण चार-पाच किलो वाळू साच्यात लागते. लक्ष्मणरावांच्या काळी साचे नैसर्गिक वाळूचे, मातीने आणि पाण्याने बांधलेले असत. ओत काढून झाली की तीच वाळू चाळून, भिजवून पुन्हा वापरात येई. जी जुनी होऊन फेकली जाई तीही शेवटी वाळू-मातीच असे. आज बऱ्याच कामांत वाळू रेझिनने बांधतात. साचा टणक होतो, ओत गुळगुळीत निघते, पण ती वाळू जळून काळी पडते आणि तशीच ओढ्याकाठी टाकणे बरे नाही. बेळगावात आणि कोल्हापुरातही फौंड्रीवाल्यांनी एकत्र येऊन क्लस्टर केले आणि वापरलेली वाळू शुद्ध करून पुन्हा कामात आणायची सामायिक सोय उभारली, ती याचसाठी. एकट्या लहान फौंड्रीला असे यंत्र परवडत नाही. दगडी कोळशाच्या कुपोलाऐवजी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या तसा आपल्याकडे धूरही कमी झाला. विजेचे बिल मात्र मालकाची झोप उडवते, हेही ऐकून घ्यावे लागते.

धुळीचा प्रश्न सुटलेला नाही. साचा फोडताना, ओत घासताना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही. लक्ष्मणरावांच्या काळात ओतशाळेतल्या माणसाचा खोकला हा नशिबाचा भाग समजत. किर्लोस्करवाडीतही तो असणार. ज्यांनी कामगाराच्या घराची, शाळेची, पाण्याची चिंता वाहिली त्यांच्याही काळात छातीतली धूळ कोणाच्या हिशोबात नव्हती, हे आम्ही त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. आता ती आपल्याला ठाऊक आहे. साचा फोडण्याआधी वाळू ओली करणे, धूळ ओढणारा पंखा बसवणे, तोंडाला नुसता फडका न बांधता चांगला मास्क देणे, वर्षातून एकदा छातीचा फोटो काढणे, यांतले काहीच फार खर्चाचे नाही. आपल्या ओळखीत एखादा फौंड्रीचा मालक असेल तर पुढच्या भेटीत त्याला एवढे विचारता येईल.

उतारवयात लक्ष्मणरावांना एक फार वाईट दिवस पाहावा लागला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली तिची झळ किर्लोस्करवाडीलाही लागली. ज्या माळावर जातीपातीची वागणूक नाकारून वसाहत उभी केली तिथेच जातीच्या रागातून आग लावली गेली. त्या वेळी ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, वाडी उठून गेली नाही. ज्यांनी जाळले आणि ज्यांचे जळले त्या दोघांनाही पुढची वर्षे त्याच परिसरात एकमेकांची तोंडे पाहत काढायची होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. सव्वा महिन्यातच भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि त्यांचे जन्मगाव एका राज्यात, त्यांची वाडी दुसऱ्या राज्यात गेली. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पुण्यात मॉडेल कॉलनीत लकाकि हे नाव रस्त्याला आणि तळ्याला दिसते, ते त्यांच्याच नावाची आद्याक्षरे जोडून झालेले आहे. तिथून रोज जाणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हे माहीत नसते, असा आमचा अनुभव आहे.

कुंडल रोड स्टेशनाचेही नाव बदलले. बेळगावहून मिरजमार्गे पुण्याला जाताना सांगली गेली, भिलवडी गेली की थोड्या वेळाने पिवळ्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे वाचायला मिळते. गाडी तिथे थांबली तर मिनिटभरच थांबते. आमच्यातल्या काही जणांना दर खेपेस दारात येऊन उभे राहायची सवय आहे.